‘वय झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद परिसरातल्या, साठी ओलांडलेल्या एखाद्या आजींना विचारा, “दम लागतो का?” बरेचदा उत्तर मिळेल, “नाही, तसं काही नाही.” आता प्रश्न बदला. “दोन वर्षांपूर्वी करत होतात, पण आता सोडून दिली, अशी कामं कोणती?” मग हळूहळू यादी बाहेर येते. शेगावची पायी वारी सोडली. पऱ्हाट्यांचा भारा आणणं सोडलं. बाजाराला चालत जाणं सोडलं. कारण विचारलं, तर म्हणतील, “वय झालं.”

गंमत अशी की, दोन्ही उत्तरं खरी असतात. दम लागणारी कामं सोडल्यावर दम लागणार कसा? पण त्यामुळेच आजार वाढत राहतो आणि दवाखान्याची पायरी चढायला उशीर होतो. असं का होतं, ते समजून घेण्यासाठी आपण वर्गात एक साधा प्रयोग करू.

ज्यूसच्या खोक्यासोबत मिळते तशी बारीक नळी घ्या. नाक चिमटीत धरा आणि बाकावर स्वस्थ बसून अर्धा मिनिट फक्त नळीतून श्वास घ्या. थोडं अवघड वाटेल, पण जमेल. आता तसंच करत वर्गात भरभर चाला. काही पावलांतच नळी काढून टाकावी लागेल. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. इतरांनीही जीव घाबरल्यास लगेच थांबावं.)

नळी तीच, माणूस तोच, मग फरक कशामुळे पडला? स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाच-सहा लिटर हवा पुरते. कष्टाच्या कामात ही गरज दहापटीवर जाऊ शकते. म्हणजे आपल्या फुप्फुसांत भरपूर क्षमता राखीव असते. त्यांतल्या कोट्यवधी वायुकोशांचा पृष्ठभाग पसरला, तर तो सुमारे 70 चौरस मीटर भरेल, म्हणजे जवळजवळ दीड वर्गखोलीएवढा. एवढी शिल्लक असल्यामुळे सुरुवातीचं नुकसान जाणवतच नाही. श्वासमार्ग अरुंद झाले, की आधी चढ अवघड वाटतो, मग सपाटीवरचं चालणं आणि शेवटी आंघोळ करणं, लुगडं नेसणंसुद्धा. बसल्या जागी दम लागू लागतो, तेव्हा बरीच शिल्लक संपलेली असते.

आता थोडं गणित करू. छाती भरून श्वास घेतला आणि जोराने सोडला, तर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे स्पायरोमीटर नावाच्या यंत्राने मोजता येतं. समजा, तिशीतल्या एका बाईंची ही हवा 2.5 लिटर आहे. वयोमानाने ती दरवर्षी साधारण 25 मिलिलिटर कमी होते असं धरलं, तर 35 वर्षांत 875 मिलिलिटर घट होईल. पासष्टीला सुमारे 1.6 लिटर उरेल. रोजच्या व्यवहाराला एवढी पुरते. याचा अर्थ, नुसत्या वयामुळे माणूस घराबाहेर पडेनासा होत नाही.

पण धुरामुळे घसरणीचा वेग दुप्पट झाला असं समजा. 35 गुणिले 50 म्हणजे 1750. उरलं फक्त पाऊण लिटर! आता मधला मार्ग पाहू. पन्नाशीत धूर बंद झाला आणि घसरण पुन्हा मूळ वेगावर आली, तर पासष्टीला सुमारे 1.1 लिटर उरेल. पाऊण आणि 1.1 यांतला फरक कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात तो खाटेवर बसून राहणं आणि अंगणात फिरणं यांतला फरक असू शकतो. फ्लेचर आणि पेटो या संशोधकांनी 1977 साली लंडनमधल्या पुरुषांच्या अभ्यासातून हेच दाखवलं होतं. सिगारेट सोडल्यावर गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. लवकर डॉक्टरांकडे जाण्याचा फायदा हा आहे.

आजी म्हणतील, “मी कधी विडी ओढली नाही.” खरं आहे. पण पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे त्यांची चाळीस वर्षं गेली. तो धूरही श्वासनलिका अरुंद करतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी पुष्कळ ठिकाणी अजून चुलीवरच तापतं. श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या या आजाराला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात त्याचे रुग्ण 1990 मध्ये 2.81 कोटी होते, ते 2016 मध्ये 5.53 कोटी झाले.

मात्र प्रत्येक धाप फुप्फुसाचीच असते असं नाही. हृदय अशक्त झालं, की पाय सुजतात आणि आडवं झाल्यावर दम कोंडतो. माणूस उशीवर उशी रचून झोपतो. रक्त कमी असलं, तरी थोड्या कामाने धाप लागते. क्षयरोगातही दम लागतो. आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार बरेच आढळतात. मूत्रपिंडं थकली, की अंगात पाणी साठतं, रक्तही कमी होतं आणि दोन्हींमुळे धाप लागते. बाहेरून सगळ्या धापा सारख्याच दिसतात, उपचार मात्र वेगवेगळे असतात. म्हणूनच शेजाऱ्याचा पंप किंवा गोळी मागून घेणं धोक्याचं आहे.

मग डॉक्टरांकडे जायचं कधी? सपाटीवर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला लागलं, किंवा स्वतःच्या चालीने चालतानाही थांबावं लागलं, की जायचं. शंभर मीटरवर थांबावं लागेपर्यंत वाट पाहू नये. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थुंकी, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी यांतून बराच उलगडा होतो. गरज पडली तर डॉक्टर पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवतात. अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बुलढाण्याचं 2024 मध्ये सुरू झालं. पंपाची ‘सवय लागते’ ही भीती सोडून द्यायला हवी. पंपातलं औषध थेट श्वासमार्गात जातं, म्हणून ते थोडं लागतं. मात्र पंप ओढायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवावी.

काही वेळा मात्र तासाचाही उशीर नको. बसल्या जागी धाप लागली, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले, छातीत दुखू लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर लगेच 108 ला फोन करायचा.

विद्यार्थ्यांना एक गृहपाठ देता येईल. घरातल्या थोरांना विचारून एका कागदावर चार गोष्टी लिहायच्या: दोन वर्षांत कोणती कामं सुटली, न थांबता किती चालता येतं, झोपताना किती उशा लागतात, आणि चूल, विडी किंवा जिनिंगमधली कापसाची धूळ यांच्याशी किती वर्षं संबंध आला. सध्या चालू असलेल्या औषधांची नावं खाली लिहायची. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी असतो आणि आजी तर ‘काही नाही’ म्हणणार. अशा वेळी नातवाच्या अक्षरातला हा कागद तपासणीची दिशा ठरवायला मदत करील.