माळ्यावरची जुनी बॅट

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील जुनीं घरें व बैठ्या चाळी पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामें करण्याच्या गडबडींत माळाहि झाडला जातो. तांब्यापितळेचीं भांडीं जपून ठेवणारीं माणसें एखादी काळवंडलेली क्रिकेटची बॅट मात्र भंगारवाल्यास देऊन मोकळीं होतात. कांहीं घरीं उलट प्रकार घडतो. आजोबांची बॅट म्हणजे लाखोंचें धन, असा समज होऊन भावाभावांत वाटणीचा वाद उपस्थित होतो. हे दोन्ही प्रसंग टाळावयाचे तर त्या लाकडाची परीक्षा करतां आली पाहिजे.

प्रथम शिक्का पाहावा. फाळणीपूर्वीं हिंदुस्थानांत खेळाच्या सामानाचें मोठें केंद्र सियालकोट हें होतें. 1947 नंतर तेथील अनेक कारखानदार जालंदर व मीरत येथें येऊन स्थायिक झाले. म्हणून बॅटीवर सियालकोटचें नांव असून पाकिस्तानचा उल्लेख नसेल, तर ती बहुधा फाळणीपूर्वींची समजावी. विलायती बॅटीवर पेढीचें नांव असतें, व पेढीच्या स्थापनेहून बॅट जुनी असूं शकत नाहीं. नॉटिंगहॅमची गन अँड मूर ही पेढी 1885 सालची आहे.

मग बांधणी पाहावी. रुंदीवरून काळ ठरत नाहीं, कारण सव्वाचार इंचांची मर्यादा अठराव्या शतकापासून तीच आहे. कडा मात्र पुष्कळ सांगतात. जुन्या बॅटींच्या कडा पातळ असत. अलीकडे त्या इतक्या जाड होऊं लागल्या कीं, 2017 सालीं 40 मिलिमीटरांची मर्यादा घालावी लागली. पाठीमागें पन्हळीसारखी कोरलेली ‘स्कूप’ बॅट ग्रे-निकल्सनें 1974 सालीं काढली. तसल्या बॅटीनें आजोबा 1936 सालीं खेळले, असें कोणी सांगत असल्यास स्मरणाचा घोटाळा झाला आहे हें उघड आहे.

सर्वांत अधिक फसगत होते ती सह्यांच्या बाबतींत. नामांकित खेळाडूची सही कारखानदार हजारों बॅटींवर छापीत असत. अशी सही लाकडांत दाबलेली किंवा सपाट छापील दिसते. शाईची खरी सही भिंगाखालीं पाहिली असतां रेघेची जाडी कमीअधिक होते व शाई लाकडाच्या रेषांत किंचित् पसरलेली आढळते.

आतां किंमत. ती लाकडाची नसून हाताची व प्रसंगाची असते. 2011 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत धोनी ज्या बॅटीनें खेळला, ती त्याच वर्षीं लंडन येथें लिलावांत 1 लक्ष पौंडांस गेली. 1926 सालीं मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडूंनीं एम. सी. सी. विरुद्ध 153 धावा काढल्या, किंवा 1940 सालीं प्रा. दि. ब. देवधरांनीं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध 246 धावा केल्या. अशा खेळींशीं एखादी बॅट पुराव्यानिशीं जोडतां आली तरच तिला संग्राहक मोठें मोल देतील. पुरावा म्हणजे छायाचित्र, पत्र, वृत्तपत्रांतील कात्रण. तो नसेल तर बाजारांत बॅट साधारणच ठरते. पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट-संग्रहालयांत नामांकित खेळाडूंच्या बॅटी पाहावयास मिळतात. आपल्या बॅटीशीं ताडून पाहण्यास त्यांचा उपयोग होईल.

तोंपर्यंत गृहिणींनीं एवढें पथ्य पाळावें: बॅट घासूं नये, रोगण लावूं नये, सहीवर तेल पडूं देऊं नये, आणि ती उन्हांत वा ओलींत ठेवूं नये. घासूनपुसून नवी केलेली बॅट आपली साक्ष गमावून बसते.

याहून निकडीचें काम निराळेंच आहे. बॅट कोणाची, कोठें घेतली, कोणत्या मैदानावर वापरली, हें घरांतील वडीलधार्‍यांस विचारून तारखेसह लिहून ठेवावें व तो कागद बॅटीबरोबरच ठेवावा. लांकूड आणखी पन्नास वर्षें टिकेल. सांगणारीं माणसें तितकीं टिकणार नाहींत. वाटणीच्या वेळीं बॅट एकाच्याच घरीं जाईल, परंतु त्या कागदाची प्रत प्रत्येक भावंडास देतां येईल.