दोन खोकी, एक मोटार

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शनात रांगोळ्या, भरतकाम आणि आगकाड्यांचा शनिवारवाडा या नेहमीच्या मंडळींच्या शेजारी एक वीतभरही लांब नसलेली काळी मोटार ठेवलेली होती. ती मी केली होती. पुढ्यात कार्ड होते : '१९३२ ची फोर्ड. कॅलिफोर्नियातील १९४९ सालच्या हॉट रॉडची प्रतिकृती. प्रमाण १:२५.' बघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "चावीवर चालते की सेलवर?" चालत नाही असे कळले की ते शनिवारवाड्याकडे वळत.

इतिहासाचे आमचे सर मात्र चष्मा कपाळावर सारून बराच वेळ वाकून उभे राहिले. "किती गाड्यांची मिळून झाली आहे रे ही?" मी जरा ऐटीतच सांगितले, "दोन किटांची सर, आणि थोडी उसनी." त्यावर ते म्हणाले, "मग हिच्यातला सगळ्यात धाकटा भाग कोणता?" मला उत्तर देता आले नाही. सर हसले आणि पुढे गेले. त्या एका प्रश्नाने माझी गाडी अक्षरशः फोडायला लावली. ती हकीगत सांगण्यापूर्वी हा सगळा उपद्व्याप काय असतो ते सांगणे भाग आहे.

किट म्हणजे न जोडलेल्या मोटारीचे खोके. आत पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि देठांना कैऱ्या लगडाव्यात तसे त्यांना गाडीचे भाग लगडलेले असतात : चाके, आसने, इंजिनाचे दोन अर्धे, आरशाएवढा आरसा. ते कापून, घासून, रंगवून, चिकटवून गाडी उभी करायची. अमेरिकेत या छंदाला खरा बहर आला तो १९५८ पासून. एएमटी नावाची कंपनी त्याआधी मोटार-विक्रेत्यांच्या दुकानांसाठी तयार छोट्या मोटारी करीत असे. १९५८ मध्ये तिने सुट्या भागांची अशी किटे काढली, की एकाच खोक्यातून तीन तऱ्हांची गाडी करता येई : कारखान्यातून निघते तशी, हौशी माणसाने नटवलेली किंवा शर्यतीची. मुलाने एक तऱ्हा निवडली की उरलेल्या दोन तऱ्हांचे भाग शिल्लक राहत. ते फेकवत नाहीत. आपल्या आया बटणे जशी डब्यात साठवतात, तसा प्रत्येक मुलाकडे उरलेल्या भागांचा एक डबा तयार झाला. एका किटातले इंजिन दुसऱ्या किटातल्या गाडीत बसवून पाहण्याचा मोह या डब्यातून जन्माला आला. पुढे त्याला 'किटबॅशिंग' असे धसमुसळे नाव पडले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील अंतराळयानांच्या अंगावरचे पुष्कळसे बारीक काम रणगाड्यांच्या, विमानांच्या आणि मोटारींच्या किटांतले भाग चिकटवूनच केलेले होते.

ऐकणाऱ्याला वाटते, ही तर गोधडी झाली. मलाही तसेच वाटत होते. पण गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा वेगळा ओळखू येतो आणि त्यातच तिची माया असते. इथे उलट आहे. तुकडा ओळखू आला की काम फसले. अंतराळयानाचे एक बरे, ते कोणी पाहिलेले नसते. १९३२ ची फोर्ड हजारोंनी चालवलेली आहे.

हीच गाडी का, तर तिच्याबाबतीत जोडाजोड ही लबाडी नसून इतिहास आहे. १९३२ साली हेन्री फोर्डने स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरांचे 'व्ही-एट' इंजिन दिले. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. असा इंजिनाचा ठोकळा एकसंध ओतणे हे तोवर महागड्या गाड्यांनाच परवडणारे काम होते. फोर्डने ते सामान्यांच्या गाडीसाठी साधले. झडपा ठोकळ्यातच असल्यामुळे वरचे झाकण सपाट, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणत. काही वर्षांत या गाड्या जुन्या होऊन मातीमोल भावाने मिळू लागल्या. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत. मैलोगणती तळहातासारखी सपाट. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्डचे मडगार्ड उतरवून, वजन घटवून तिथे वेग आजमावू लागली. वेळ मोजण्यासाठी त्यांनी १९३७ मध्ये रीतसर संघटनाही काढली. महायुद्धावरून परतलेल्या जवानांनी या नादाला आणखी हवा दिली आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक निघाला.

या पोरांजवळ पैसा नव्हता, भंगारवाला होता. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक सळयांवर चालणारे, वेग वाढला की भरवशाचे नाहीत. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९३९ मध्ये आणले. तेव्हा भंगारातल्या १९३९-४० च्या गाडीचे ब्रेक आणि चाके काढून १९३२ च्या गाडीला लावायची. मागचे दिवे १९३९ च्या फोर्डचे, थेंबाच्या आकाराचे. नटव्या गाड्यांचीही तीच तऱ्हा. बॅरिस बंधूंच्या कारखान्यात १९५२ मध्ये तयार झालेली 'हिरोहाटा मर्क' फार गाजली. ती १९५१ ची मर्क्युरी, पण तिच्या कुशीवरची चकचकीत पट्टी ब्युइकची. थोडक्यात, खरी हॉट रॉडच बारा गावचे पाणी प्यालेली असते. तिची प्रतिकृती एकाच खोक्यातून करणे हेच खरे तर खोटे.

माझ्याकडे दोन खोकी होती. मामेभावाने अमेरिकेहून आणलेले १९३२ च्या फोर्डचे, आणि त्याच्याच मित्राने अर्धवट टाकून दिलेले १९४० च्या फोर्डचे. शिवाय त्या मित्राचा उरलेल्या भागांचा डबा.

पहिली अडचण मापाची. मोटारींची किटे प्रामुख्याने दोन प्रमाणांत निघतात. एएमटीची १:२५, तर मोनोग्राम या दुसऱ्या कंपनीची बरीचशी १:२४. चोवीस आणि पंचवीस यांत काय एवढे, असे मला वाटले होते. मग हिशेब केला. १९३२ च्या फोर्डच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर १०६ इंच. १:२५ मध्ये ते १०७.७ मिलिमीटर होते आणि १:२४ मध्ये ११२.२. साडेचार मिलिमीटरचा हा फरक खऱ्या गाडीत जवळजवळ साडेचार इंचांचा झाला. म्हणजे एका प्रमाणाची बॉडी दुसऱ्या प्रमाणाच्या सांगाड्यावर ठेवली, की चाक मडगार्डच्या कमानीत न येता भलतीकडेच डोकावते. मात्र सुकाणूचे चक्र, आसन किंवा दिवे यांत हा चार टक्क्यांचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण खऱ्या जगातही या वस्तू लहानमोठ्या असतात. कुठे ताणून धरायचे आणि कुठे सोडून द्यायचे हे कळायला मला दोन महिने लागले. माझी दोन्ही किटे सुदैवाने १:२५ ची होती. पण १९४० च्या फोर्डच्या चाकांतले अंतर मुळातच ११२ इंच, सहा इंचांनी जास्त. तेव्हा तिचा सांगाडा वापरण्याचा बेत सोडला आणि तिची फक्त चाके व ब्रेकचे ड्रम घेतले. खऱ्या पोरांनीही तेच केले असते.

दुसरे काम छप्पर बुटके करण्याचे. याला 'चॉप' म्हणतात. खिडक्यांच्या मधले खांब आडवे कापून तुकडा काढायचा आणि छप्पर खाली बसवायचे. खऱ्या गाडीत तीन इंच कापले, तर माझ्या गाडीत बरोबर तीन मिलिमीटर. ऐकायला सोपे आहे. पण खांब सरळ उभे नसतात, वर जाताना आत कललेले असतात. मधला तुकडा काढला की वरचा खुंट खालच्या खुंटावर येतच नाही. छप्पर अरुंद आणि खालचा भाग रुंद! १९३२ च्या गाडीचे खांब पुष्कळच उभे असल्याने थोड्या घासकामात भागले. १९४९ ची मर्क्युरी घेतली असती, तर तिच्या गोलाईपुढे मी हात टेकले असते. करवत पातळ हवी आणि कापण्याआधी कागदी चिकटपट्टी लावून रेघ आखलेली हवी. माझा पहिला खांब तिरका कापला गेला, तो अजून तिरका आहे. प्रदर्शनात ती बाजू मी भिंतीकडे ठेवली होती.

चिकटवण्याबद्दल एक गैरसमज असतो. पॉलिस्टायरीनचा द्राव डिंकासारखा मध्ये बसत नाही. तो दोन्ही कडा किंचित वितळवतो आणि द्राव उडून गेला की प्लास्टिकच एकजीव होते. म्हणून तो चमचाभर ओतायचा नसतो; ब्रशाचे टोक फटीला लावले की आपोआप आत ओढला जातो. फटी राहतात तिथे लांबी भरायची, वाळू द्यायची, पाण्यात बुडवलेल्या पॉलिशपेपरने घासायची, आणि मग करडा अस्तराचा रंग द्यायचा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग त्या करड्या रंगाखाली सगळी पापे कबूल करतो. पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. माझ्या छपराला हे पाच वेळा करावे लागले. समोरच्या काचेला मात्र मी उतावीळपणे झटपट चिकटणारा गोंद लावला. त्याच्या वाफेने सकाळपर्यंत काच मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी! शेवटी मिठाईच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून नवी कापली. ती मूळ काचेपेक्षा पातळ असल्याने दिसतेही अधिक खरी.

राहिले इंजिन. १९४० च्या किटात फ्लॅटहेड होते, पण ते मळकट राखाडी. मित्राच्या डब्यात एक शेव्हरलेचे व्ही-एट होते, वरपासून खालपर्यंत चंदेरी मुलाम्याचे. मी क्षणाचाही विचार न करता ते बसवले. बॉनेट मुद्दाम काढून ठेवले, की लोकांना ते दिसावे. लोकांना ते दिसले, आणि सरांनाही.

संमेलन संपल्यावर मी स्टाफरूममध्ये गेलो. सरांना मोटारीतले काही कळत नाही, हे त्यांनीच आधी सांगितले. "पण नाण्यांचा हंडा सापडला की आम्ही काय करतो? त्यातले सगळ्यात अलीकडचे नाणे शोधतो. हंडा त्या नाण्याच्या आधी पुरलेला असूच शकत नाही. बाकीची नाणी कितीही जुनी असोत." मग अर्थातच गाडी नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला गेली. १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. एकाच नाण्यात दोन राजे. आणि वरचा छाप कोणाचा, यावरून नंतर कोण आला ते ठरते. "तुझी गाडीही हंडाच आहे. कार्डावर १९४९ लिहितोस, तर आत एकही नाणे त्यानंतरचे नको."

घरी येऊन मी एकेक भाग कागदावर मांडला. बॉडी आणि सांगाडा १९३२. चाके, ब्रेक १९४०. मागचे दिवे १९३९. आणि ते चंदेरी शेव्हरले इंजिन? शेव्हरलेने या जातीचे इंजिन प्रथम १९५५ मध्ये काढले. ओळखण्याची खूणही ढळढळीत आहे. त्याचा ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला असतो, तर त्या काळच्या फ्लॅटहेडचा पुढे. म्हणजे १९४९ साली अस्तित्वातच नसलेले यंत्र मी बॉनेट काढून सर्वांना दाखवीत होतो. कार्ड बदलून '१९५५ नंतरची हॉट रॉड' असे लिहिले असते तरी चालले असते. खऱ्या पोरांनीही पुढे सर्रास हेच इंजिन जुन्या फोर्डमध्ये घातले. दोन दिवस मी तसेच करणार होतो. पण मला सुरुवातीपासून करायची होती ती तळ्यावरची, गरिबीतली गाडी. चंदेरी इंजिनाने ती माझ्या नकळत दुसरीच कोणीतरी झाली होती.

एकजीव झालेले प्लास्टिक पुन्हा सुटे होत नाही. इंजिन करवतीनेच कापावे लागले आणि त्यासोबत सांगाड्याची आडवी पट्टीही तुटली. ती चौकटीच्या टाकाऊ देठातून केली. हाच देठ मेणबत्तीवर धरून हलकेच ओढला की केसासारखी तार निघते. फ्लॅटहेडच्या आठ प्लगांच्या आठ तारा तशाच ओढल्या. सपाट झाकणावरचे नटबोल्ट मोजले. सुरुवातीच्या फ्लॅटहेडमध्ये एका झाकणाला २१ असत, १९३८ च्या अखेरीपासून २४ झाले. माझ्या इंजिनावर २४ निघाले. १९४० च्या गाडीला ते शोभतात, १९४९ ला चालतात. मळकट राखाडी रंगावर तेलाचे ओघळ काढले. रुंद टायर काढून १९४० च्या किटातले अरुंद घातले. जुन्या टायरांचे मऊ प्लास्टिक एव्हाना चाकांच्या कडा खाऊ लागलेच होते. हा त्यांचा जातिस्वभाव आहे, आतून रंगाचा थर दिला की टळतो.

यंदाच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री गाडी पुसताना मागच्या नंबराच्या पाटीकडे लक्ष गेले. किटासोबत आलेले ते चित्र मी पहिल्याच दिवशी चिकटवले होते आणि विसरलो होतो. तीन अक्षरे, तीन आकडे. कॅलिफोर्नियात ही पद्धत १९५६ मध्ये सुरू झाली. पाटी मी ब्लेडने खरवडून काढली. जागा थोडी खरखरीत झाली आहे. सध्या गाडी विनानंबरची उभी आहे आणि सरांनी ती अजून पाहिलेली नाही.