श्रमिक प्रदेशांची पक्षनिष्ठा : गिरणगाव, नंदुरबार आणि शिंदखेडा-सुरत परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

कष्टकऱ्यांची दाट वस्ती असलेला एखादा प्रदेश पिढ्यानपिढ्या एकाच पक्षाच्या पाठीशी उभा राहतो, ही गोष्ट राजकारणाच्या अभ्यासकांना नेहमीच विचारात टाकते. मजुरी वाढत नाही, कारखाने बंद पडतात, शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही; तरीही मते त्याच चिन्हावर पडत राहतात. मतदार अज्ञानी किंवा भावनावश आहे, असा याचा अर्थ सर्रास लावला जातो. हा अर्थ सोयीचा असला तरी अपुरा आहे. श्रमिकाची निष्ठा पक्षाच्या जाहीरनाम्याशी क्वचितच असते. अनिश्चित जीवनात जी यंत्रणा त्याला रोजचा आधार देते, तिच्याशी ती असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रथम मुंबईचे गिरणगाव, नंतर नंदुरबारचा आदिवासी पट्टा आणि शेवटी धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुका व तेथील माणसे जिथे रोजगारासाठी जातात ते सुरत शहर, अशा तीन उदाहरणांचा विचार केला आहे.

गिरणगाव : कायद्याची मान्यता आणि मनाची मान्यता

१९२८ च्या प्रदीर्घ सार्वत्रिक संपातून लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा उदय झाला. गिरणी समित्यांच्या द्वारे ही संघटना खात्याखात्यांत पोहोचली. पण तिचे खरे बळ गिरणीच्या फाटकाबाहेर होते. चाळ, खानावळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि गाववाल्यांची खोली यांतून कामगाराचे जीवन आकाराला येत होते. संपकाळात उधारी देणारा दुकानदार आणि नव्याने आलेल्या गाववाल्याला कामाला चिकटवणारा जॉबर याच शेजारात राहत असत. कामगारांच्या राजकारणाची मुळे या शेजारात होती, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या लेखनातून दाखवून दिले आहे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या आधारे काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला कामगारांचा एकमेव अधिकृत प्रतिनिधी म्हणून स्थान मिळाले. कायद्याची मान्यता एका संघटनेला आणि मनाची मान्यता दुसरीला, असा विसंवाद त्यातून निर्माण झाला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कॉ. श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा वर्गाची आणि भाषेची निष्ठा एकत्र आली होती.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने नेमका हाच शेजार हाती घेतला. नोकरीची शिफारस, रुग्णवाहिका, नळाच्या पाण्याची तक्रार, भांडणाचा निवाडा, ही कामे शाखेत होऊ लागली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. संप फसला, तरी १९८४ च्या काँग्रेस लाटेतही दक्षिण मध्य मुंबईने डॉ. सामंतांनाच लोकसभेवर पाठविले. १९८९ मध्ये मात्र तेथून महाडिक निवडून आले आणि १९९१ ते २००४ या काळात शिवसेनेचे मोहन रावले सलग पाच वेळा विजयी झाले. गिरणी बंद पडल्यावर गिरणीवर आधारलेली संघटना क्षीण झाली. गल्लीवर आधारलेली शाखा टिकली. निष्ठेची सवय कायम राहिली, तिचा धनी बदलला.

नंदुरबार : संघर्ष एकाचा, मत दुसऱ्याला

गिरणगावात निदान कारखाना होता. खान्देशाच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात शेतमजुरी, जंगल आणि सरकार एवढेच आधार होते. १९७२ मध्ये शहादा परिसरात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जमीन आणि मजुरीचे लढे दिले. तथापि लोकसभेच्या मतपेटीत काँग्रेसच अग्रेसर राहिली. माणिकराव गावित २००९ पर्यंत सलग नऊ वेळा येथून निवडून आले.

या वरवरच्या विसंगतीत एक तर्क आहे. मालकाशी झुंजायचे तर संघटना हवी. पण रोजगार हमीचे काम, आश्रमशाळेतील प्रवेश, दवाखाना आणि दाखला यांची वाट सरकारदरबारातून जाते. त्या दारापर्यंत नेणारा माणूस ज्या पक्षाचा, त्या पक्षाला मत, असा हा व्यवहार होता. २०१४ मध्ये डॉ. विजयकुमार गावित यांचे प्रभावी घराणे राष्ट्रवादी काँग्रेसमधून भारतीय जनता पक्षात गेले आणि त्यांच्या कन्या डॉ. हीना गावित यांनी माणिकरावांचा पराभव केला. देशभर वाहणाऱ्या वाऱ्याचा त्यात वाटा होताच. पण मध्यस्थाने पक्ष बदलताच मतदारांचा मोठा गट त्याच्यामागे गेला, हेही तितकेच खरे. २०२४ मध्ये ही जागा पुन्हा काँग्रेसकडे आली.

शिंदखेडा आणि सुरत : विखुरलेला श्रमिक

शिंदखेडा तालुक्याला तापीचा काठ लाभला असला तरी शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. दोंडाईच्याची मिरची बाजारपेठ प्रसिद्ध असली, तरी हजारोंना बारमाही काम देईल असा कारखाना तालुक्यात नाही. येथील मजूर हंगामाबरोबर फिरतो. मुकादमाकडून उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या खान्देशी मजुरांचे चित्रण डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी केले आहे. दुसरी वाट रेल्वेची. शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार या मार्गाने गाडी उधन्याला पोहोचते. लिंबायत, पांडेसरा भागांतील यंत्रमागांवर खान्देशी माणूस राबतो आणि वस्तीत अहिराणी कानी पडते.

अशा विखुरलेल्या श्रमिकाला युनियन एकत्र आणू शकत नाही. गावी विकास सोसायटी, बाजार समिती, शिक्षणसंस्था आणि आमदारांचे कार्यालय. परगावी नगरसेवक, मंडळ आणि भाऊबंद, हेच त्याचे आधार. शिंदखेडा मतदारसंघातून २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही विधानसभा निवडणुकांत दोंडाईच्याचे जयकुमार रावल भारतीय जनता पक्षातर्फे विजयी झाले. लिंबायतमध्ये २०१२, २०१७ आणि २०२२ साली त्याच पक्षाच्या संगीता पाटील निवडून आल्या. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे लोकसभेत प्रतिनिधित्व करीत असून २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य सुमारे ६ लाख ८९ हजार होते. परक्या भाषेच्या शहरात आपल्या बोलीत गाऱ्हाणे ऐकणारा प्रतिनिधी हा केवळ अस्मितेचा विषय नसतो. घरभाडे, शाळा आणि पोलीस ठाणे यांच्याशी त्याचा थेट संबंध असतो.

जातीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. भाऊबंदकी व जात यांतूनच ओळख आणि शिफारस मिळत असल्याने पक्षाचे जाळे त्याच धाग्यांनी विणले जाते. ज्याच्याकडे हे धागे नाहीत, असा भूमिहीन मजूर त्या जाळ्याच्या कडेला राहतो.

निष्ठेची किंमत

आधाराच्या बदल्यात मत हा व्यवहार मजुराच्या दृष्टीने शहाणपणाचा असला, तरी त्याची किंमत सामूहिक असते. मत निश्चित आहे असे दिसले की पक्षाची निकड संपते. गिरणगावात लागोपाठ निष्ठा वाहिल्या गेल्या. पण गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले आणि गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. जानेवारी २०१८ मध्ये शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतले व त्यात त्यांचा मृत्यू झाला. तालुक्यात हळहळ व संताप व्यक्त झाला. पुढच्या वर्षीचा निकाल मात्र बदलला नाही. शिफारशीने दाखला मिळतो. सर्वांना लागू होणारा न्याय्य दर मिळेलच असे नाही.

हे केवळ येथेच घडते असे नाही. इंग्लंडमधील कोळसा खाणींच्या पट्ट्यातील बोल्सोव्हर मतदारसंघ १९५० पासून मजूर पक्षाकडे होता. खाणी गेल्या, कामगारांचे क्लब ओस पडले, तरी निष्ठा आणखी काही काळ टिकली आणि २०१९ मध्ये तुटली. २०२४ मध्ये मजूर पक्षाने ती जागा परत मिळविली. पण ती आता हक्काची राहिली नव्हती.

निष्कर्ष :

श्रमिक प्रदेशाची पक्षनिष्ठा ही आंधळी नसते. ती असुरक्षिततेतून जन्मते. संघटना, शाखा, घराणे किंवा नगरसेवक यांपैकी जो रोजच्या अडचणीत उभा राहतो, त्याच्याद्वारे ती पक्षापर्यंत पोहोचते. म्हणून हा आधार तुटला की निष्ठा विरून जात नाही, ती नवा आधार शोधते. रेशन, उपचार, शिक्षण आणि मजुरी ज्या दिवशी कोणाच्याही चिठ्ठीवाचून हक्काने मिळतील, त्या दिवशी शिंदखेड्याचा मजूर पक्षाला आधाराचा मोबदला म्हणून नव्हे, तर कामाचा हिशेब मागून मत देऊ शकेल. तोवर त्याच्या निष्ठेला दोष देण्यापूर्वी त्याच्यापुढे दुसरा कोणता आधार होता, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारणे अगत्याचे आहे.