बधिरतेचे माप

पोळ्याला शिंगे रंगविताना एका शिंगाला हात लावू न देणारा बैल यवतमाळच्या कापूस पिकविणाऱ्या गावांत अनोळखी नाही. मान एका अंगाला कलते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो, शिंग हळूहळू लोंबू लागते. हा शिंगाचा कर्करोग. वेळीच लक्षात आल्यास शिंग मुळापासून काढणे, हाच त्यावरील मुख्य उपाय.

त्यासाठी डोळा व शिंग यांमधील हाडाच्या कडेखाली लिग्नोकेन टोचतात. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली सिद्ध केलेले हे औषध मज्जातंतूंवरील सोडियमची सूक्ष्म दारे मिटते आणि वेदनेचा संदेश वाटेतच थांबतो.

तेच औषध रक्तात अतिरिक्त प्रमाणात उतरले, तर मेंदूतील दारेही मिटू लागतात, आणि तेथे विपरीत घडते. आवर घालणाऱ्या पेशी आधी थंडावतात. म्हणून बधिर करणारे औषध प्रथम मेंदूला खवळविते. जनावर बेचैन होते, कान-ओठ थरथरतात, झटके येतात. पुढे सारे शांत होते. पण ती शांतता बरे वाटल्याची नसते, श्वास मंदावल्याची असते. ब्युपिव्हकेनसारख्या औषधात तर हृदयही लवकर अडखळते.

४०० किलोच्या बैलाला दहा-पंधरा मिलिलिटर औषध सहज सोसते. खरा घात करडांचा होतो. शेळीसाठी दर किलो वजनास सुमारे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. म्हणजे ३ किलोच्या करडाला अवघे १५. दोन टक्क्यांच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्येच २० मिलिग्रॅम असतात! शिवाय शेळीच्या प्रत्येक शिंगाला दोन मज्जातंतू. चारही ठिकाणी एकेक मिलिलिटर दिले, तर ८० मिलिग्रॅम, मर्यादेच्या पाचपटींहून अधिक. म्हणून जाणकार पशुवैद्यक पाऊण मिलिलिटर औषध सलाइनने तीन मिलिलिटर करून चार जागी वाटतात, आणि सुई रक्तवाहिनीत शिरली नाही ना, हे दट्ट्या मागे ओढून पाहतात. झटके आलेच, तर डायझेपाम, प्राणवायू व श्वासाला आधार तत्काळ द्यावा लागतो.

करडाचे वजन नजरेने ठरविणे, हीच बहुधा पहिली चूक. पांजरापोळीची जबाबदारी वाहणाऱ्या व्यापारी कुटुंबांना काटा नवा नाही. डॉक्टर येण्यापूर्वी करडाला त्यावर चढवावे आणि दिसलेला आकडा त्यांना सांगावा.