नाताळात दुकानाला एक दिवस कुलूप लावा

25 डिसेंबर आला की तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कजवळची वर्दळ कमी होते. ऑफिसवाले सुट्टीवर जातात, पोरांची शाळा बंद असते. आणि आपण? रिकाम्या दुकानात गल्ल्यावर मोबाईल बघत बसतो. का, तर गिऱ्हाईक तुटेल! एरवी आपण शटर ओढून घरी पोचतो तेव्हा पोरं झोपलेली असतात.

पुण्याच्या कॅम्पातली कयानी बेकरी बघा. 1955 ची. वर्षानुवर्षं दुपारी बंद, रविवारी बंद. तरी श्रूजबरी बिस्किटांना रांग असतेच. तेवढं नाव आपलं नाही, मान्य. म्हणून आपण आधी सांगायचं. आठ दिवस अगोदर पाटी लावा, व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवा, रोजच्या गिऱ्हाइकांचा माल आदल्या दिवशी पोचवा.

दुकानांच्या 2017 च्या कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी आहे. मालकाला कोण देणार? केक-गिफ्टवाल्यांचा मात्र हाच सीझन, त्यांनी जानेवारीत घ्यावी. बाकीच्यांनी घरच्यांना घेऊन कॅम्पात रोषणाई बघायला जा. उधारीची वही दुकानातच राहू द्या.