भातावरील गादमाशी : यजमान बदलतो तसा परजीवीही

प्रतिकारक म्हणून लावलेल्या भातात चंदेरी पोंगे दिसू लागले की पहिला संशय बियाण्यावर जातो. भेसळ असू शकते. परंतु बियाणे शुद्ध असूनही असे घडते. तेव्हा बदललेली असते ती माशी.

गादमाशी (ओर्सिओलिया ओरायझी) डासासारखी नाजूक असते. अंड्यातून निघालेली अळी पानावरील ओलाव्यातून सरकत फुटव्याच्या वाढबिंदूपाशी पोहोचते. तिच्या लाळेतील द्रव्यांमुळे तेथे पात्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी वाढते आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. अन्न आणि निवारा दोन्ही रोपच घडवून देते. पाने कुरतडणाऱ्या किडीपेक्षा हे नाते परजीवीचे आहे; म्हणूनच यजमानातील लहानसा बदलही या अळीच्या जिवावर बेततो.

प्रतिकारक जातीत अळी वाढबिंदूपर्यंत पोहोचते, पण काही दिवसांतच मरते. जीएम-२ जनुक असलेल्या रोपात अळीभोवतीच्या पेशी मरून तपकिरी पडतात. जीएम-१ असलेल्या रोपात अशी खूण दिसत नाही, तरीही अळी जगत नाही. अशी किमान ११ जनुके ज्ञात आहेत. जीएम-१ ईश्वरकोरा या जुन्या वाणातून, तर जीएम-२ सियाम-२९ मधून आले.

सियाम-२९ पासून तयार झालेली ‘फाल्गुना’ ही जात आंध्र प्रदेशात मोठ्या क्षेत्रावर पसरली. १९८०च्या दशकात श्रीकाकुळम व विजयनगरम भागांत तिच्यावरही पोंगे आढळले. जीएम-२ वर मात करण्याचा माशीतील गुण अप्रभावी आणि लिंगसंलग्न असल्याचे पुढे दिसून आले. नरात त्या जनुकाची एकच प्रत असल्याने गुण लगेच प्रकट होतो. मादीत दोन्ही प्रती जुळाव्या लागतात. सर्वत्र एकच जात असेल, तर हा गुण नसलेल्या अळ्या मरतात आणि उरलेल्यांचीच प्रजा वाढते. भारतात आजवर या माशीचे ७ जैवप्रकार नोंदले गेले आहेत.

हे वैविध्य जैवप्रकारांपाशी थांबत नाही. ओर्सिओलिया प्रजातीतील इतर माश्या वेगवेगळ्या गवतांवर जगतात. आफ्रिकेतील भातावरची गादमाशी आशियातील माशीच मानली जात असे. ती स्वतंत्र जात असल्याचे १९८२ मध्ये स्पष्ट करण्यात आले.

अर्थात, शेतातील भात स्वतःहून उत्क्रांत होत नाही; ते काम पैदासकार करतो, आणि माशीच्या मानाने त्याची गती मंद असते. म्हणून वेगळ्या रीतीने काम करणारी दोन जनुके एकाच जातीत आणण्यावर आता भर आहे. या साखळीत तिसराही जीव आहे : प्लॅटिगॅस्टर ओरायझी ही गांधीलमाशीच्या कुळाजवळची सूक्ष्म परोपजीवी. गादमाशीच्या एका अळीतून तिची अनेक पिल्ले बाहेर पडतात. पोंगे दिसताच सरसकट फवारणी केली, तर ही मित्रकीड प्रथम बळी पडते.

शेतकऱ्याची तक्रार आल्यास विस्तार कार्यकर्त्याने पोंगे लागलेली झाडे उंची, पानांचा रंग आणि फुटव्यांची ठेवण यांत उर्वरित पिकाशी जुळतात का, हे आधी पाहावे. जुळत नसतील, तर भेसळीचा संशय रास्त ठरतो. जुळत असतील, तर जातीचे नाव, लावणीची तारीख व गाव नोंदवून जवळच्या भात संशोधन केंद्रास तत्काळ कळवावे. नमुन्यासाठी शेंड्याला छिद्र नसलेले पोंगे घ्यावेत. छिद्र पडलेल्या पोंग्यातून माशी आधीच निघून गेलेली असते.