लॅपटॉपमध्ये मेमरी किती मावते? विकत घेण्याआधी मोजू या




"आम्ही दिलेले जुने लॅपटॉप मुलांच्या उपयोगी पडतात ना?" असे आपल्यापैकी अनेकजण भेटीत विचारतात. पडतात. पण मधले काही महिने ते असून नसल्यासारखे होते, आणि त्यात चूक माझी होती. ती चूक सांगावी आणि तुमच्या मंडळीत कोणाकडून तशीच होऊ नये, म्हणून हा लेख.

कारंजा लाड येथील आपल्या अभ्यासिकेत आंध आणि फासेपारधी कुटुंबांतील मुले येतात. दहावीनंतर शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असे सगळे कागद स्कॅन करून चढवायचे असतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत अकरावीतली एक मुलगी आईला घेऊन आली. अर्ज उघडला, दाखल्याची फाइल उघडली आणि लॅपटॉप थिजला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले. "ताई, हे नुसतं फिरूनच राह्यलं," मुलगी म्हणाली. संध्याकाळच्या बसची वेळ झाली. आई उठताना एवढेच म्हणाली, "उद्या अजून या लागते का ताई? माई रोजी बुडते."

लॅपटॉपमध्ये मेमरी कमी होती. दुसऱ्याच दिवशी अर्पणाच्या पैशांतून मी ८ जीबीच्या दोन पट्ट्या मागवल्या. लॅपटॉप उघडला तर पट्टी खाचेत बसेना. पाकीट फोडलेले असल्याने ती परतही गेली नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला मी मुलांना कितीदा शिकवला आहे. त्या दिवशी तो माझ्यासाठीच होता.

मेमरी म्हणजे नेमके काय

अनेकजण मेमरी आणि डिस्क यांत गल्लत करतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर डिस्क म्हणजे कोठी आणि मेमरी, म्हणजे रॅम, हे खळे. फोटो, कागद, गाणी सगळे कोठीत साठते. काम मात्र खळ्यावर चालते. खळे लहान असेल तर थोडा माल आणायचा, तो पुन्हा कोठीत न्यायचा, मग दुसरा आणायचा. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो. गोल चक्र फिरते ते बहुतेक वेळा याच ने-आणीमुळे.

आता प्रश्न असा की खळे किती वाढवता येईल? हवे तेवढे नाही. प्रत्येक लॅपटॉपला आपली मर्यादा असते. कारंज्याच्या जुन्या माणसांना हे लगेच कळेल. आपली शकुंतला गाडी मुर्तिजापूरहून यवतमाळला जायची ती अडीच फुटी रुळांवरून. मुर्तिजापूरला मुख्य मार्ग साडेपाच फुटी. तिथला डबा कितीही चांगला असला तरी तो कारंज्याच्या रुळांवर चढत नसे; माणसांना उतरून गाडी बदलावी लागे. मेमरीचेही तसेच आहे. पट्टी चांगली असून भागत नाही, ती आपल्या रुळांवर चालली पाहिजे.

मर्यादा कशी शोधावी

पहिली पायरी: आत आता काय आहे ते पाहा. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा. एकूण मेमरी किती, त्यातली वापरात किती, आणि 'स्लॉट्स यूज्ड' म्हणजे किती खाचा भरल्या आहेत हे तिथे दिसते. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' असे असेल तर मेमरी बोर्डावरच डाग देऊन जोडलेली आहे. ती काढता येत नाही. काही लॅपटॉपमध्ये थोडी मेमरी बोर्डावर आणि एक खाच मोकळी असते. काहींत खाचच नसते. तिथे विचार सोडून द्यावा.

दुसरी पायरी: मॉडेल क्रमांक. लॅपटॉप उलटा करा, खाली चिकटवलेल्या पट्टीवर तो असतो. केवळ कंपनीचे नाव पुरत नाही, पूर्ण क्रमांक लागतो. तो घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका उघडा आणि 'मॅक्सिमम मेमरी' ही ओळ शोधा. एका खाचेत जास्तीत जास्त किती जीबीची पट्टी चालते तेही तिथेच पाहा. दोन खाचा आणि प्रत्येकी ८ जीबी म्हणजे एकूण १६. अशा लॅपटॉपच्या एकाच खाचेत १६ जीबीची पट्टी चालेल असे समजू नये.

तिसरी पायरी: प्रोसेसर. प्रत्येक प्रोसेसर किती मेमरी सांभाळतो हे ठरलेले असते आणि इंटेलच्या संकेतस्थळावर ते नोंदवलेले असते. उदाहरणार्थ, पाचव्या पिढीचा आय५-५२००यू जास्तीत जास्त १६ जीबी सांभाळतो, तर सहाव्या पिढीचा आय५-६२००यू ३२ जीबी. कधीकधी पुस्तिकेतला आकडा प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा लहान असतो, कारण कंपनीने त्या काळी मिळणाऱ्या पट्ट्यांवरच चाचणी केलेली असते. पैसा दुसऱ्याचा असेल तेव्हा लहान आकडा मानावा.

चौथी पायरी: विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची? सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट येथे हे दिसते. ३२ बिटची विंडोज २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते मोजू शकते. तेवढे बाइट म्हणजे ४ जीबी. आत ८ घातली तरी वरची मेमरी पडून राहते.

पाचवी पायरी, जिथे मी चुकले: पट्टीची जात. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०. मधली खाचही वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जोर लावू नये, बोर्ड मोडेल. शिवाय डीडीआर३ मध्येही दोन प्रकार आहेत: साधी १.५ व्होल्टची, आणि 'एल' अक्षराची १.३५ व्होल्टची. दोन्हींची खाच सारखीच, पण 'एल' मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी पट्टी चालेलच असे नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी काढून तिच्यावरचा मजकूर वाचणे, किंवा तीच दुकानात नेणे.

या सर्व आकड्यांत जो सर्वांत लहान, तीच आपली मर्यादा.

आमचा हिशेब

एका लॅपटॉपमध्ये दोन खाचा होत्या, एकीत ४ जीबी. पुस्तिकेत आणि प्रोसेसरच्या नोंदीत मर्यादा १६. दुसऱ्यात ४ जीबी बोर्डावर आणि एक खाच मोकळी. त्याची मर्यादा १२. दोन्हींना लागत होती डीडीआर३एल, आणि मी आणली होती डीडीआर४.

मर्यादा कळली म्हणजे तेवढी भरलीच पाहिजे असे नाही. अर्ज भरताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर सतत नव्वद टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर वाढवून फायदा होतो. वापर निम्माच असेल आणि तरी लॅपटॉप रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या डिस्कचा असतो. तिथे एसएसडी बसवणे बरे. आमच्या कामाला ८ जीबी पुरेसे होते. म्हणून या वेळी प्रत्येक लॅपटॉपला ४ जीबीची एकेकच पट्टी घेतली. बसवण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर व बॅटरी काढली, हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज घालवली. पट्टी तिरपी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक आवाज येतो.

त्या मुलीचा अर्ज मुदतीत गेला. पण तो आम्ही बाहेरच्या केंद्रावर पैसे देऊन भरला आणि तिच्या आईचा आणखी एक रोज बुडालाच. तो काही परत देता आला नाही. आता मात्र कागद चढवायला आलेली मुले त्याच दिवशी घरी जातात. न बसलेल्या दोन पट्ट्या मी कपाटात ठेवल्या आहेत. कोणाच्या लॅपटॉपला ८ जीबीची डीडीआर४ पट्टी चालत असेल तर कळवावे.

शेवटी एक विनंती. जुना लॅपटॉप देणार असाल तर त्यासोबत एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: पूर्ण मॉडेल क्रमांक, आतली मेमरी, मोकळ्या खाचा आणि पट्टीची जात. "४ जीबीचाच आहे, काय द्यायचा" असे म्हणून तो माळ्यावर टाकू नका. खाच मोकळी असेल तर त्यावर एखाद्या पोरीचे कॉलेजचे वर्ष उभे राहू शकते.

प्रभूच्या सेवेत आपली भगिनी,
कारंजा लाड